कौसामायची मूठ

कळण्याची पहिली भाकरी तव्यावर फुगली आणि दाराची कडी वाजली. कौसामायने चुलीतल्या पऱ्हाट्या मागे ओढल्या आणि पिठाच्या हातानेच दार उघडलं. दारात गल्लीतली वत्सलाबाई. कडेवर तिची सहा वर्षांची प्रमिला, डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढलेला.

"रातभर पोरना डोळा नई लागना व माय. डाक्टर म्हणस, दाढ आजच काढनी पडी, नई तं पू मानेत उतरी. तू चाल."

"दवाखानामा सुईनं औषध उनं का?"

"मले काय माहीत, माय? तू शे ना!"

धानोऱ्यातल्या सगळ्याच आया असं म्हणत. कौसामाय खरं तर दवाखान्यात झाडलोट करणारी विधवा. दात काढताना पोरं धरण्याचं काम तिला कुणी दिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, चाळीस साली, नवे डॉक्टर आले तेव्हा दात काढायच्या आधी हिरडी बधिर करायची सुई आली. पण पोरं दातापेक्षा त्या सुईलाच जास्त ओरडायची. कौसामायने चार दिवस झाडता झाडता पाहिलं. औषधाची बंद काचेची नळी थेट कपाटातून निघे, थंडीत बर्फासारखी. कानात तेल सोडताना कोणती आई गार सोडते? तिने नळी उचलली आणि कोमट होईस्तोवर मुठीत धरून बसली. डॉक्टर आधी हसले. पुढे स्वतःच नळी तिच्या हातात द्यायला लागले.

आणि "दुखणार नाही" असं ती कधीच म्हणाली नाही. म्हणायची, "दुखी. मुंगी चावस तेवढं. मन्हा अंगठा दाब. मुंगी गयी का सोड." डॉक्टर सावकाश औषध सोडायचे, पोर अंगठा दाबायचं, आणि काम होऊन जायचं. मागच्या वर्षी प्रमिलेची एक दाढ अशीच निघाली होती. पोरगी महिनाभर गल्लीत सांगत फिरली, कौसामायने मुंगी मारली म्हणून.

मग विलायतेकडची लढाई वाढली. सहा महिने झाले, नळ्या यायच्या बंद झाल्या. डॉक्टर पत्रं लिहीत, "पाठवू" अशी उत्तरं येत. पोरांचे दात थोडेच थांबतात!

दवाखान्यात डॉक्टर चिमटा उकळत होते. कौसामायने नुसतं पाहिलं. त्यांनी मान हलवली. "नाही आलं, कौसाबाई. आणि ही दाढ ठेवता येत नाही."

तिने प्रमिलेला खुर्चीवर बसवलं, समोर उकिडवी बसली. खोटं बोलणं तिला जमलंच नसतं.

"बेटा, आज औषध नई शे. आज खूप दुखी. मुंगी नई, विंचू चावस तसं."

प्रमिला सुजल्या तोंडाने हसली. "मांगे बी तू दुखी म्हणनी व्हती. कुठे दुखनं?"

"ते येगळं व्हतं, माय."

"तू शे ना," पोरगी म्हणाली. आईचंच वाक्य. आणि कुणी न सांगता तिने कौसामायचा अंगठा पकडला, तोंड मोठं उघडलं.

इतक्या शहाणपणाने त्या खुर्चीत आजवर एकही पोर बसलं नव्हतं. डॉक्टरांनी चिमटा घातला.

पहिली किंकाळी दवाखान्याबाहेर गेली. पोरगी उसळली, कौसामायने उठून मोकळ्या हाताने तिचं डोकं खुर्चीच्या पाठीला दाबून धरलं; धरलं नसतं तर चिमटा जिभेत गेला असता. दाढ मुळाशी चिकटून होती. दुसऱ्या ओढीला प्रमिला ओरडलीसुद्धा नाही. तिने अंगठा सोडून दिला आणि कौसामायच्या तोंडाकडे बघत राहिली.

दाढ निघाली, पू निघाला. वत्सलाबाईने पदराने पोरीचं तोंड पुसलं. "वाचनी मन्ही पोर. कौसामायना पाया पड, चाल." प्रमिलेने आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि दारापर्यंत काढलं नाही.

कौसामायने फरशीवरचं रक्त पुसलं, फडकं पिळलं. डॉक्टर खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"उद्या खालच्या आळीतल्या नथ्थूचा मुलगा येणार आहे," ते हळूच म्हणाले. "त्याचीही दाढच आहे. याल ना? तुमच्याशिवाय पोरं बसत नाहीत."

"यीसू, साहेब. धरसू बी." ती फडकं हातात तसंच धरून उभी राहिली. "पन मले खुर्चीना मांगे उभी ऱ्हाऊ द्या. पोरले मन्हं तोंड दिसाले नको."