यिशुनमधली पिवळी साडी

सिंगापूरच्या यिशुनला नवीन आले तेव्हा इमारतींचे सगळे ब्लॉक मला जुळ्या भावंडांसारखे दिसत. प्रत्येकावर भलामोठा नंबर रंगवलेला होता, पण नंबर वाचून घर शोधणं मला अरसिकपणाचं वाटे. मी पडले पुण्याची. पत्ता म्हणजे गिरणीवरून डावीकडे वळा, पिंपळापाशी कुणालाही विचारा! आता नात इथल्या ढंगात म्हणते, "आजी, लोकेशन पाठव ना, सो ईझी, ला!" तेव्हा लोकेशन नव्हतं. माझी अक्कल होती.

पहिल्या संक्रांतीला देवळात ओळख झालेल्या चौघींना हळदीकुंकवाला बोलावलं. कुणी नोव्हेनाला राहणारी, कुणी क्वीन्सटाउनला. इथे आल्यापासून नवऱ्याखेरीज कुणाशी मराठीत भांडलेही नव्हते. या चौघी आल्या नाहीत तर मी परत पुणं गाठणार, असं मनाशी ठरवून बसले होते.

"ब्लॉकचा नंबर दिलास ना?" नवऱ्याने विचारलं.

"नंबर कैद्यांना असतात! खिडकीबाहेर कपडे वाळवायच्या बांबूवर पिवळीधमक साडी दिसेल तेच माझं घर, असं सांगितलंय."

दुपारी आभाळ भरून आलं. मी धावत जाऊन साडी आत ओढली, घडी घालून कपाटात ठेवली आणि पावडर लावून दाराकडे डोळे लावून बसले. काय ती हुशारी!

बऱ्याच वेळाने फोन वाजला. चौघींपैकी एकजण कुठल्यातरी नाणं टाकायच्या फोनवरून बोलत होती.

"अगं, साडी कुठाय तुझी?"

"कपाटात," मी म्हटलं, आणि मग जीभ चावली.

"कपाटात? आम्ही माना वर करकरून थकलो!"

"आहात तिथेच थांबा. कुठे आहात?"

"लग्नात!"

छत्री घेऊन धावले. पलीकडच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मलय कुटुंबाचं लग्न चाललं होतं. पावसात भिजणाऱ्या रेशमी साड्या बघून त्यांनी चौघींना पाहुण्या समजून आत घेतलं होतं. गुलाबी सरबताचे पेले हातात, आणि माझ्या नावाने हसणं चाललेलं.

मग घरून करंडा आणि लाडूंचा डबा आणून हळदीकुंकू तिथेच उरकलं. नवरीच्या आईला तिळाचा लाडू दिला, तर तिने खाऊन नवरीसाठी आणखी एक मागून घेतला.

चौघी अजून येतात. फक्त घरी काही असलं की पत्ता माझ्या नवऱ्याला विचारतात.