प्लास्टरातला पंख

माझ्या वहिनीच्या तावडीतून आमच्या घरातली एकही टाकाऊ वस्तू सुटत नाही. दूध संपलं की खोका तिचा, मोज्याला भोक पडलं की मोजा तिचा. मी शिवणकाम करते, घराच्या खालच्या मजल्यावरच माझं दुकान आहे. तर माझी चिंध्यांची पिशवी भरायच्या आतच रिकामी होते. भाऊ म्हणतो, "मी जरा वेळ गप्प बसलो तर ही मलाही रंगवून भिंतीवर चिकटवेल." आणि चिकटवेलही, तिचा काही नेम नाही.

ती बालवाडीत शिकवते. प्राणी कसे जन्मतात, कसे वाढतात, हे चिमुरड्या पोरांकडून हातानं करून घेत शिकवायचं, हे तिचं वेड. चित्र दाखवून "हे अंडं, ही अळी" म्हणून मोकळी होणाऱ्यांतली ती नाही. सामानाला गुंडाळून येतो तो फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद घ्यायचा, प्रत्येक फुग्यात काळा ठिपका द्यायचा, की झाली बेडकाची अंडी. मग कागदाचं शेपटीवालं पिल्लू, त्याला आधी मागचे पाय, मग पुढचे, आणि शेवटी कात्रीनं शेपूट छाटायचं. या शेपूट छाटण्यावरून वर्गात मारामाऱ्या होतात. या सगळ्याला तिला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे इतके लागतात की गल्लीतला दुकानदार तिला लांबून बघितलं तरी ट्रे काढून ठेवतो. पोरं तिला अंडीताई म्हणतात. मोठ्या बाईंनी एकदा सगळ्या पोरांना दटावलं, "ताईंना असं म्हणायचं नाही." आणि त्याच संध्याकाळी स्वतः घरी फोन करून मला विचारलं, "अंडीताई आहेत का हो?"

सगळ्यांत मोठा मान फुलपाखराचा. हिरव्या कागदाच्या पानावर तांदळाचे दाणे चिकटवले की ती अंडी. ट्रेची एक ओळ कापून रंगवली की अळी. पुठ्ठ्याची नळी म्हणजे कोष. नळीच्या एका टोकानं अळी आत ढकलायची आणि दुसऱ्या टोकानं माझ्या चिंध्यांचं घडी घातलेलं फुलपाखरू ओढून काढायचं. पोरं आ वासून बघतात. एकदा एका पोरीनं नळीला डोळा लावला आणि सगळ्या वर्गाला ओरडून सांगितलं, "अळी इथंच अडकलीय!" तर वहिनीनं काय करावं? नळी पटकन पाठीमागे लपवली! पोरांचे चेहरे खुलले की तिला मागचं-पुढचं काही सुचत नाही. मी तिला कितीदा सांगून बघितलं, पण ऐकेल तर शपथ.

या स्वभावानंच तिला यंदा चांगलं पेचात धरलं.

तिच्या मोठ्या गटात पाच वर्षांचा एक मुलगा आहे. सगळे त्याला फौजदार म्हणतात. रांग कुणी मोडली, पाणी कुणी सांडलं, कुणी कुणाचा खडू ढापला, या सगळ्याचा बंदोबस्त ताईंच्या आधी हा करणार. घरी पलंगावरून उडी मारताना या फौजदाराचा हात मोडला. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. बालवाडीत आला तो मान खाली घालून. त्याला कात्री धरता येईना, काही चिकटवता येईना. प्लास्टरचा हात शर्टाच्या आत लपवून कोपऱ्यात बसून राहिला. कुणी "दाखव ना" म्हटलं की डोळ्यांत पाणी. एरवी ज्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू यायचा, त्याच्या तोंडाला कुलूप.

वहिनीला ते बघवेना. त्या आठवड्यात नेमकं फुलपाखरूच चाललं होतं. तिनं एक हिरवं पान उचललं, त्याच्या प्लास्टरवर चिकटवलं आणि वर्गाला सांगितलं, "हा आपल्या फौजदाराचा कोष आहे. आत गुपचूप काम चाललंय. कुणी धक्का मारायचा नाही."

झालं! फौजदार पुन्हा फौजदार झाला. पोरं रांग लावून प्लास्टरला कान लावायला लागली. कुणाला आत फडफड ऐकू आली, कुणाला शिंक ऐकू आली. रांग कशी लावायची ते अर्थात फौजदारच सांगत होता. वहिनी त्या दिवशी घरी आली ती नाचतच. "वन्सं, हसला तो! आज हसला!" वन्सं ती मला चिडवायला म्हणते, हल्ली नणंदेला असं कोण म्हणतं? मी आपलं "बरं झालं गं बाई" म्हटलं आणि मशीन चालू केलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तरी कुठं माहीत होतं!

प्लास्टर काढायचा दिवस जवळ आला, तेव्हा एका दुपारी वहिनी माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. हातात फौजदारानं काढलेलं चित्र. चित्रात तो स्वतः होता. एका बाजूला नेहमीचा हात आणि दुसऱ्या बाजूला हा भला मोठा निळा पंख.

"त्याला खरंच वाटतंय हो," ती म्हणाली. "छोट्या गटाला सांगून ठेवलंय त्यानं, प्लास्टर निघालं की घसरगुंडीवरून उडून दाखवतो. ती पोरं त्याला डब्यातला खाऊ देतायत, मला पाठीवर बसवशील ना म्हणून."

"एका पंखावर एवढी सगळी?"

"तुम्हाला चेष्टा सुचतेय!" ती इस्त्रीच्या टेबलाला टेकली आणि रडायलाच लागली. "आतून काय निघणार आहे? वाळलेला, बारीकसा हात. तो आधी हाताकडे बघेल आणि मग माझ्याकडे बघेल. मी काय तोंड दाखवू त्याला? आणि खरोखर उडी मारली तर? आता कुठं हाड जुळलंय वन्सं."

आता मात्र मीही मशीन थांबवलं. मी म्हटलं, "मी शिवून देते एक पंख. निळं सॅटिन पडलंय माझ्याकडे. काढलं प्लास्टर की बांधायचा दंडाला."

"नको," ती डोळे पुसत म्हणाली. "आधीच एक थाप मारून बसलेय, तिला आणखी अस्तर कशाला लावायचं?"

शिंपिणीला अस्तर शिकवते! पण खरं होतं.

भावाला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "त्यात काय एवढं? म्हणावं, या हाताला नाही आला, दुसऱ्या हाताला येईल." त्या रात्री वहिनीनं त्याला भाजी वाढली नाही, त्याची त्यालाच घ्यावी लागली. मीही वाढली नाही.

मग तिनं आपल्या परीनं दुरुस्ती करायचं ठरवलं. थापेवर इलाज तोच, कागद आणि डिंक. सगळ्यांना तान्हेपणीचे फोटो आणायला सांगितले. लांब पट्टी कापून तिच्यावर एकापुढे एक: पाळण्यातलं बाळ, रांगणारं बाळ, धडपडत उभं राहिलेलं, बालवाडीतलं, मग मोठा माणूस, मग काठीवाले आजोबा. आजोबांच्या मिशांना माझा कापूस गेला, तो वेगळाच. पट्टी भिंतीवर लावली आणि वहिनी फौजदाराकडे बघून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बघितलंत ना? माणूस कोषात जात नाही. माणसाला पंख येत नाहीत."

मग पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं विचारलं, "मग याचा कोष?"

झाडून सगळी पोरं वहिनीकडे बघायला लागली. आता सांगून टाकायचं की नाही? हीच तर संधी होती. पण हिनं डिंकाची बाटली उचलली आणि पट्टीचं टोक पुन्हा चिकटवायला लागली. तेवढ्यात फौजदारच उठून म्हणाला, "माझा वेगळा आहे. सगळ्यांनी खाली बसा." सगळे खाली बसले. वहिनीही बसली.

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पाच वर्षांचं पोरगं ते, त्याच्यासमोर तुझी बोबडी वळते?"

"तुम्ही बघितलं नाहीत वन्सं, तो किती खात्रीनं बोलला ते."

प्लास्टर काढायच्या आदल्या दिवशी त्याची आई वहिनीला फाटकाशी भेटली. बेकरीत काम करते, बाई एकदम साधी. म्हणाली, "ताई, उद्या तुम्ही याल का दवाखान्यात? अंडीताई आल्याशिवाय कापू देणार नाही म्हणतोय." वहिनी 'हो' म्हणाली. नाही कसं म्हणणार? आणि मग मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही चला माझ्याबरोबर, एकटीला नाही जमणार मला." दोन ब्लाउज द्यायचे राहिले होते, तरी मी दुकान बंद केलं.

दवाखान्यातल्या बाकावर आम्ही बसलो, एका टोकाला फौजदार, मग त्याची आई, मग वहिनी, मग मी. वहिनी सारखी त्याच्याकडे वळून "राजा, ऐक ना" म्हणायची आणि पुढे काही बोलायचीच नाही. तो आपला पाय हलवत बसलेला. प्लास्टरवरचं पान मळून कडेनं उलटलं होतं. शेवटी मीच तिला कोपरानं ढोसलं, "बोल की!" ती बोलायला गेली आणि आतून हाक आली.

आतल्या खोलीत एक धिप्पाड माणूस छोटंसं गोल पातं फिरणारं यंत्र घेऊन उभा होता. त्यानं आधी पातं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं. "बघ, कातडीला काही होत नाही, गुदगुल्या होतात फक्त." फौजदारानं मान डोलावली. आईनं डोळे मिटले, वहिनीनं माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला होता. घर्र घर्र करत पातं एका बाजूनं गेलं, मग दुसऱ्या बाजूनं. त्या माणसानं चिमट्यानं प्लास्टर फाकवलं, आतला कापूस कापला आणि हात बाहेर काढून टेबलावर ठेवला.

बारीक, पांढरट हात. कातडीचे पापुद्रे निघालेले, वासही येत होता. इतके आठवडे या हाताच्या कानगोष्टी ऐकायला रांगा लागल्या होत्या!

फौजदार हाताकडे टक लावून बघत राहिला. मग त्यानं दुसरा हात उचलला आणि खाजवायला सुरुवात केली. मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत, डोळे मिटून. "आहाहा," तो म्हणाला. यंत्रवाला हसला. "हळू रे, हळू."

वहिनीला मात्र धीर धरवेना. ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. "राजा, माझं चुकलं. आत पंख नव्हताच. मी उगाच सांगितलं तुला."

"मला माहितीये," तो खाजवता खाजवता म्हणाला.

"काय माहितीये?"

"पंख नव्हता ते. डॉक्टरकाकांनी पहिल्याच दिवशी आतला फोटो दाखवला होता ना. आत हाड होतं. त्याला अशी चीर होती." त्यानं हवेत बोटानं चीर काढून दाखवली.

मी मध्ये तोंड घातलंच. "आणि घसरगुंडीवरून उडणार होतास ते?"

"ते छोट्या गटाला सांगितलं होतं." माझ्या अडाणीपणाची त्याला कीव आली असावी. "ते खाऊ देतात. आणि घसरगुंडीवरून पडलं तर परत हात मोडतो."

अगं आई गं! माझा जीव भांड्यात पडला. त्याची आई भिंतीला टेकून हसायलाच लागली. एवढे दिवस आम्ही दोघी बायका जिवाचं पाणी पाणी करतोय आणि हा लबाड डबे रिकामे करतोय!

वहिनी हसत नव्हती. ती अजून तशीच गुडघ्यावर होती. "अरे, मग मला का नाही सांगितलंस? मी पट्टी केली, फोटो लावले, तेव्हा तरी सांगायचंस."

फौजदारानं खाजवणं थांबवलं. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, यंत्रवाल्याकडे बघितलं. मग वहिनीच्या कानाशी येऊन आवाज बारीक केला, तरी सगळ्या खोलीला ऐकू गेलाच.

"तुम्ही पान चिकटवलंत तेव्हा किती खूश झाला होतात. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही रडला असतात."

एवढं ऐकलं मात्र, वहिनीनं त्याच्या इवल्याशा खांद्यावर डोकं टेकलं. हसू आणि रडू एकदमच फुटलं तिला, दोन्ही आवरेनात. त्यानं तो नवाकोरा, काडीसारखा हात हळूच उचलला, वाकतो का बघितलं आणि तिच्या पाठीवर थोपटायला लागला. थोपटता थोपटता त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू सगळा दोष माझाच.

"बघा," तो म्हणाला. "रडल्याच ना?"