लाल शाईची नोंदवही

माझा स्वभाव मास्तरकीचा, आणि तोच नडला, हे आधीच सांगून टाकतो. अमरावतीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. वहीला समास आखल्याशिवाय माझा हात पुढे चालत नसे. अकोल्यात जठारपेठेत माझा एक दोस्त रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला मी उस्ताद म्हणायचो, तो मला सर. दर रविवारी सकाळच्या एसटीनं मी त्याच्याकडे जायचो आणि आम्ही दोघं त्याच्या गच्चीवर बसून परदेशी लष्करांचे उपग्रह ऐकायचो.

हसू नका. ऐकायचो म्हणजे खरंच ऐकायचो. हे संदेशवहनाचे उपग्रह आभाळात एकाच जागी टांगलेले असतात. त्यांची कधी बारीक शिट्टी यायची, कधी पापड तळताना होते तशी चरचर. बोलणं सगळं कुलूपबंद. ते आम्हाला कळत नसे, आणि कळावं अशी हौसही नव्हती. कोण कोणत्या दिशेला आहे, केव्हा जागा होतो, केव्हा गप्प होतो, एवढंच टिपायचं. असे रिकामटेकडे लोक जगभर आहेत. त्यांनी केलेल्या उपग्रहांच्या याद्या मी सायबर कॅफेतून छापून आणायचो. उस्तादनं जुन्या टीव्हीच्या ट्यूनरमधले भाग काढून रिसीव्हर जमवला होता, अँटेना ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा.

ते दिवस वऱ्हाडात वाईट होते. कापसाला भाव नव्हता, सकाळचा पेपर उघडवत नसे, आणि लोडशेडिंग तर विचारूच नका. लोक लोडशेडिंगला शिव्या घालायचे आणि आम्ही दोघं नालायक त्याची वाट पाहायचो. वीज गेली की पेठेतल्या पाण्याच्या मोटारी, मिक्सर, ट्यूबलाइट सगळ्यांची खरखर थांबायची. मग ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रिसीव्हर लावायचा. त्यातूनच आमचा नियम ठरला: वीज गेल्यावरही जे वाजत राहतं, ते आभाळातलं.

आठवडाभर उस्ताद फावल्या वेळात ऐकायचा आणि बिलांच्या पाठीवर उर्दूत आकडे खरडून ठेवायचा. रविवारी तो वाचून दाखवायचा, मी वहीत उतरवायचो. वार, वेळ, दिशा, जोर, शेरा, असे पाच रकाने. कव्हरवर लाल शाईनं मीच लिहिलं होतं, ‘लष्करी उपग्रह : नोंदवही’. वही दुकानाच्या खणात राहायची. लाल शाई कशाला? तर मास्तर ना मी! शीर्षक लालच पाहिजे.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक नवा आवाज सापडला. कुठल्याच यादीत नव्हता. अगदी खाली, क्षितिजाला टेकलेला, तुटक आणि जोरदार. वीज गेली तरी तो होताच. मला तर आकाश ठेंगणं झालं. नवा लष्करी उपग्रह, आणि तो जठारपेठेतल्या गच्चीवर सापडलेला!

उस्ताद मात्र खूश नव्हता. “सर, हे मले बरोबर नाई वाटून राहिलं.”

“काहून?”

“अँटेना जमिनीकडे केला तरी बोलते हे. वरचं असं बोलते का?”

“पत्र्यांवरून उलटून येत असेल,” मी म्हणालो. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

“तुमी शिकलेले. तुमी म्हणता तं असन,” तो म्हणाला आणि त्यानं विषय सोडला.

पुढे पुढे तो आवाज वाढत गेला. काही दिवशी तर थांबायचंच नाव नाही. आम्ही घाबरलो, आणि आवडलंही आम्हाला ते घाबरणं. कुठंतरी मोठं काहीतरी पेटणार, लढाई होणार, असं मी छातीठोकपणे सांगायचो. उस्ताद नुसता ऐकायचा.

एका रविवारी माझी एसटी बोरगाव मंजूजवळ अडकली. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता. बैलगाड्या आडव्या घातलेल्या, रस्त्यावर कापूस पसरलेला, पोलिसांच्या गाड्या, एका जीपमधला हवालदार वायरलेसवर सारखा बोलत होता. दहा ते बारा मी तिथंच बसून चरफडत होतो की जठारपेठेतलं लोडशेडिंग हुकलं. पोचलो तर उस्ताद म्हणाला, “आज लय बोलला तो. दहा ते बारा, दम नाई खाल्ला.”

मी लिहिलं: रविवार, दहा ते बारा, जोर फार. खाली लाल रेघही मारली. अरे गाढवा, समोर जीप उभी होती ना तुझ्या! पण डोक्यात आभाळ शिरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, शाळेत फोन आला. स्टाफरूमच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. उस्तादची बायको बोलत होती.

“भाईसाब, दुकानातून नेलं त्याईले. कोनं तरी अँटेन्याची तक्रार केली. वहीबी नेली. तुमी या, सांगा की वही तुमची हाये.”

“येतो भाभी. लगेच निघतो,” मी म्हणालो.

आणि गेलो नाही.

भ्यालो. दुसरं काही कारण नाही, भ्यालो. त्या लाल अक्षरातला ‘लष्करी’ शब्द डोळ्यांसमोरून हलेना. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. मंगळवारी पहाटे सगळ्या याद्या मी न्हाणीतल्या बंबात जाळल्या. त्याच पाण्यानं आंघोळ केली, शाळेत गेलो आणि सहावीला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. संध्याकाळी घरी फोन वाजला. तो मी उचलला नाही.

बुधवारी दुपारी एकदाचा ठाण्यात पोचलो. तिथले साहेब भले वाटले. शाळेचं नाव सांगताच म्हणाले, “सर तुम्ही? बसा, चहा घ्या.” माझी वही टेबलावर होती, शेजारी त्यांचं रजिस्टर.

“हे बघा,” त्यांनी बोट ठेवलं, “आमचा वायरलेस जेव्हा जेव्हा बोलला, ती प्रत्येक वेळ इथं आहे. आंदोलनाच्या दिवशी तर दहा ते बारा, खाली लाल रेघ मारून. आमच्या गाड्या कुठं आहेत हे हा माणूस पुढे कळवत होता, असंच कुणालाही वाटेल.”

वायरलेस! ठाण्याचा वायरलेस बॅटरीवर चालायचा, म्हणून वीज गेली तरी बोलायचा. आमच्या जमवलेल्या रिसीव्हरमध्ये तो भलत्याच जागी, उपग्रहांच्या पट्ट्यात, उमटत होता. उस्तादला संशय होता. मी त्याला गप्प केलं होतं.

“वही माझी आहे. अक्षर माझं आहे,” मी म्हणालो.

“तो तर दोन दिवस म्हणतोय, वही माझीच आहे. सरांचा काही संबंध नाही.”

त्यांनी माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, ताडून पाहिल्या आणि हसले. “मास्तर लोकांना काय काय छंद असतात!” झालं. माझ्या नावावर आल्याबरोबर त्या वहीचा छंद झाला. मी चहा प्यायलो तोही, लाज नाही मला.

उस्ताद बाहेर आला तेव्हा उजवा हात खाली सोडून चालत होता, जराही न हलवता. सोल्डरिंगचा हात तो. फाटकाशी थांबून त्यानं एकच विचारलं.

“सर, तुमाले कवा समजलं?”

“आज सकाळी,” मी म्हणालो.

“हौ,” तो म्हणाला आणि ऑटोत बसला.

दोन रविवार सोडून मी गेलो. अँटेनाच्या नळ्या सुतळीनं बांधून दुकानाच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या. मी असतानाच वीज गेली. आम्ही दोघांनीही वर पाहिलं नाही. भाभीनं आतून पाणीही पाठवलं नाही. निघताना त्यानं डाव्या हातानं ती वही पुढे केली, ठाण्यातून परत मिळालेली.

“तुमची हाये. घेऊन जा.”

मूर्तिजापूरला एसटी थांबली तेव्हा मी ती उघडली. सगळी पानं माझ्या अक्षरातली. शेवटच्या पानावर, माझ्याच आखलेल्या रकान्यांत, एक ओळ त्याची होती. मराठी त्याला फारसं लिहिता येत नसे, त्यात डावा हात. तरी एकेक अक्षर वाचता येत होतं.

वार: सोमवार. वेळ: दुपारी चार-दहा. दिशा: अमरावती. जोर: साफ.

शेरा: बुधवारपर्यंत आवाज नाही.