हात पाठीमागे

नागापूरच्या एका कारखान्यात एलिझाबेथ साळवे अकरा वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर होती. तिथल्या धडधडाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून सगळं बोलणं हातवाऱ्यांनीच चाले.

एका सोमवारी तिच्या प्रेसची संरक्षक जाळी निखळलेली दिसली. तिने सुपरवायझरला ती दाखवली. त्याने बोट गोल फिरवलं, म्हणजे मशीन चालू ठेव.

एलिझाबेथने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ती ताठ उभी राहिली. तो जवळ येऊन कानात ओरडला, "माझ्याकडं काय बघतीस? खाली बघ!"

"बोटं माझी हायेत, साहेब," तीही तितक्याच मोठ्याने ओरडली. नजर तिने हलवली नाही.

शेजारच्या छबूबाईने ते पाहिलं आणि आपलं मशीन बंद करून हात मागे घेतले. मग पलीकडच्या दोघींनीही. एकेक करत सगळी शेड शांत झाली. आता ऐकू येत होतं, तरी कुणी बोललं नाही. सुपरवायझरनेच शेवटी फिटरला बोलावलं.

जाळी बसल्यावर छबूबाईने विचारलं, "भ्याली न्हाईस व्हय गं?"

"पाय लई कापत हुते," एलिझाबेथ म्हणाली. "पन त्यो माझ्या तोंडाकडंच बघत हुता."