नावाच्या पाटीचा चौथा स्क्रू

लष्कराच्या लिलावातली एक जुनी रुग्णवाहिका मी १९५७ च्या सुमारास विकत घेतली. वकिलीनिमित्त मला यवतमाळहून दारव्हा, पुसद, उमरखेड, वणी अशा न्यायालयांच्या फेऱ्या कराव्या लागत आणि परगावच्या खानावळीचे जेवण माझ्या पोटाला मानवत नसे. म्हणून त्या गाडीत दोन बाकडी, स्टोव्हचा ओटा, पाण्याची टाकी आणि छताला बॅटरीवरचा एक दिवा अशी सोय करून मी पत्नीसह चाकांवर संसार मांडला. वरच्या रंगाखालून जुना लाल क्रॉस डोकावत असे. ढाणकीच्या बाजारात लोक बाटल्या घेऊन औषध मागायला येत. मी त्यांच्यावर खेकसत असे. पत्नी त्यांना ओवा देऊन वाटेला लावी.

लग्नामुळे तिची मॅट्रिक राहून गेली होती. दिग्रसच्या मुलींच्या शाळेतील मुख्याध्यापिका तिच्या माहेरच्या ओळखीच्या होत्या. परीक्षा उत्तीर्ण झालीस तर आमच्या शाळेत शिकवायला ये, असे त्यांनी तिला सांगितले आणि आपली पुस्तकेही दिली. त्या दिवाळीपासून स्वयंपाक आवरला की ती दिव्याखाली भूमिती उघडून बसू लागली. वाचताना तिचे ओठ हलत. मला त्याचे कौतुक वाटे. मात्र ते मी तिला कधी बोलून दाखवले नाही.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी गाडीची बॅटरी दगा देऊ लागली. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी बटण दाबल्यावर इंजिन नुसते कण्हत असे. पुसदला तर हँडल मारूनही ते उठेना, तेव्हा न्यायालयाच्या आवारातल्या पक्षकारांनी गाडी ढकलली. डाव्या बाजूला वादी होता, उजव्या बाजूला प्रतिवादी.

"साहेब, तडजोड झाली म्हना की जी," आमचा ड्रायव्हर म्हणाला. तो दिग्रसजवळच्या तांड्यावरचा होता आणि माझ्या रागाला न भिणारा त्या जिल्ह्यातला बहुधा एकटाच माणूस होता.

"बॅटरी काहून बसते ते सांग आधी."

"मले काय माहीत. पाणी पाह्यलं, पट्टा पाह्यला. गाडी चालते तवा काटा बराबर चार्जिंग दावते."

मी यवतमाळच्या बॅटरी विक्रेत्याला नोटीस धाडली. त्याने बॅटरी उतरवून घेतली, भरली, तपासली आणि ती ठणठणीत असल्याचे सांगून परत दिली. मी दुसरी नोटीस धाडली. त्याचे म्हणणे खरे असू शकते, ही शक्यता माझ्या दुसऱ्या नोटिशीत कोठेही नव्हती.

अखेर दारव्ह्याच्या मुक्कामी मी घरातच चौकशी मांडली. बिघाड दिवाळीनंतरचा, म्हणजे त्याचे कारणही दिवाळीनंतरचेच असणार, असा माझा युक्तिवाद होता. तो बिनचूक होता, हे मी आजही म्हणेन.

"दिवाळीपासून तुम्ही दोघांनी या गाडीत नवीन काय केले?" मी विचारले.

"म्या काहीच नाही केलं जी," ड्रायव्हर म्हणाला.

पत्नी कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मी वाचाले लागली. बत्ती मीच लावते."

"किती वेळ?"

"तुम्ही जेवून आडवे होता, तोवर."

"मग संपलेच की," मी म्हणालो.

केवळ कबुलीवरून कोणाला दोषी धरू नये, तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा, हे मी न्यायासनापुढे घसा ताणून सांगत आलो होतो. एवढासा दिवा तास-दीड तास जळल्याने तेवढी मोठी बॅटरी रिकामी होत नाही, हा हिशेबही मला सहज करता आला असता. पण समोर कबुली होती आणि ती मला सोयीची होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने वाचन बंद केले. दिग्रसवरून जाताना तिने गाडी थांबवायला सांगितली आणि पुस्तके परत करून आली. मी कारण विचारले नाही. तिला विचारले असते, तर तिला उत्तर द्यावे लागले असते आणि ते मला ऐकावे लागले असते.

उमरखेडला बॅटरी पुन्हा बसली. मी फक्त तिच्याकडे पाहिले. माझी ती नजर उलटतपासणीला सरावलेली होती. त्या संध्याकाळी तिने बाकड्यावर चढून दिव्याचा बल्ब काढला, रुमालात गुंडाळला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा तुमच्यापाशीच ठेवा. मंग तं झालं?"

मी तो कोटाच्या खिशात ठेवला. खरोखरच ठेवला.

वणीला मुक्काम पडला, तेव्हाही तो खिशातच होता. सकाळी ड्रायव्हरने बटण दाबले आणि इंजिन पुन्हा कण्हले. मी खिशात हात घातला. बोटांना काच लागली. छताला दिवाच नव्हता आणि बॅटरी मात्र रिकामी होती.

त्या दिवशी मी न्यायालयात गेलो नाही, चिठ्ठी पाठवून तारीख मागून घेतली. आम्ही बॅटरी गावात भरून आणली. सगळी बटणे बंद ठेवून ड्रायव्हरने तिची तार टोकाला नुसती टेकवली, तर बारीकशी ठिणगी उडाली.

"कोनीतरी खाऊन राह्यलं जी," तो म्हणाला.

मग आम्ही एकेक जोडणी सोडवून पाहिली. भोंग्याची सोडवली, ठिणगी तशीच. पुढच्या दिव्यांची सोडवली, तरी तशीच. आमच्या छताच्या दिव्याकडे जाणारी सोडवली आणि ठिणगी थांबली. त्या दिव्याचे बटण छतालाच, दिव्यापाशी होते. त्यामुळे बटण बंद असो वा दिवा काढलेला असो, तिथपर्यंतच्या तारेत वीज असेच. आता ती तार कोठे दुखावली आहे, एवढेच पाहायचे होते. पत्र्याच्या अस्तराआडून ती मागच्या दाराकडे जात होती आणि दाराशेजारून वर चढत होती.

दाराशेजारी बाहेरच्या अंगाला माझी पाटी होती. पितळेची, नाव आणि पदवी कोरलेली, नागपूरहून घडवून आणलेली. दिवाळीच्या दिवशी मी ती स्वतःच्या हाताने बसवली होती, कारण दुसऱ्या कोणी बसवली असती तर ती वाकडी बसली असती. तिच्या चार स्क्रूंपैकी एक माझ्या हातून हरवला, म्हणून ओट्याच्या लाकडातला एक लांब स्क्रू काढून मी चौथ्या भोकात पिळला होता. तो पत्रा भेदून आत गेला होता आणि तारेचे आवरण सोलून तिला ओझरता टेकत होता, आणि तिथून वीज रात्रभर पत्र्यात झिरपत होती. नीट टेकला असता, तर फ्यूज जळून पहिल्याच दिवशी चोर सापडला असता.

दिवाळीपासून नवीन काय केले, हा प्रश्न मी दोघांना विचारला होता. गाडीत माणसे तीन होती.

ड्रायव्हरने स्क्रू माझ्या हातात दिला आणि पाटीकडे पाहिले. "बसली मात्र सिधी आहे जी," एवढेच तो म्हणाला.

पत्नी तूर निवडत होती. मी तिला सगळे सांगितले.

"सापडलं नं? बरं झालं," ती म्हणाली आणि सुपातला खडा बाजूला काढला.

मी दिग्रसला जाऊन पुस्तके परत आणली. पण परीक्षा तोंडावर आली होती. "आता गनित होनार नाही. पुढच्या साली बसीन," ती म्हणाली. पुढच्या साली ती बसली आणि उत्तीर्णही झाली. तो सारा अभ्यास तिने कंदिलावर केला. मी दिवा परत लावला होता आणि तो लख्ख पेटत होता. त्याच्या बरोबर खाली ती कंदील ठेवून बसे.

"अगं, बत्ती लाव ना."

"डोळ्याले हाच बरा वाटते."

शाळेत जागाही होती. परंतु नेमणुकीला वयाची मर्यादा होती आणि ती तिने त्याच मधल्या वर्षात ओलांडली होती. मग मी अर्ज लिहू लागलो. शिक्षण खात्याला लिहिले, त्याच्या वरच्यांना लिहिले, त्यांच्याही वरच्यांना लिहिले. नियम कसा अन्यायकारक आहे, ही अट घालणाऱ्यांना ग्रामीण स्त्रीचे आयुष्य कसे ठाऊक नाही, हे मी पानेच्या पाने मांडले. प्रत्येक उत्तर एका ओळीचे येई. त्या ओळी मी युक्तिवादात फाडून काढल्या तरी एक गोष्ट मला ठाऊक होती. नियम सर्वांना सारखाच होता आणि तो त्यांनी नीट लावला होता.

एका अर्जाचा मसुदा तिने वाचायला घेतला. परीक्षेस विलंब का झाला, यासंबंधी मी लिहिले होते : 'अपरिहार्य घरगुती अडचणींमुळे.'

"घरगुती अडचन म्हणजे कोन?" तिने विचारले.

मी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिले : 'अर्जदाराच्या पतीने चौकशी न करता तिला दोषी धरल्यामुळे.' तिने ते वाचले, कागद सरळ केला आणि म्हणाली, "आता पाठवा. अन् याच्यानंतर माह्यासाठी लिहू नका."

तो अर्ज गेला आणि नेहमीचीच एक ओळ घेऊन परत आला. त्यानंतर मी जगातल्या सगळ्यांना पत्रे लिहिली, तिच्यासाठी एकही लिहिले नाही.