आवाज काढून टाकलेला सामना

“लोइस, आपली बढाई न मारता आपली मुलगी जगाला दाखवायची कशी?”

२०१५ च्या ऑगस्टमध्ये, शाळा उघडण्याच्या आठवड्यात, लिऑन कुचेराने ग्रंथालयाच्या टेबलापाशी उभे राहून मला हे विचारले. टोपी हातात होती आणि तिच्यावर धान्यकोठारातली धूळ होती. लिपा गावच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून मला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. लोकांच्या प्रश्नांसाठी योग्य ते कपाट दाखवणे हे माझे काम. या प्रश्नाचे कपाट मला सापडले नाही. अजूनही सापडलेले नाही.

लिपामध्ये कौतुकाची सर्वोच्च पायरी म्हणजे “वाईट नाही”. मक्याचे पीक विक्रमी आले, तरी वाईट नाही. लग्नातले खसखशीचे कोलाच हे गोड पक्वान्न तोंडात विरघळले, तरी वाईट नाही. नेब्रास्काच्या या भागात आलेल्या आमच्या चेक पणज्यांनी मुलांना प्रार्थनेच्या आधी हे शिकवले असावे. लिऑन त्याच मुशीतला. एकोणीस वर्षांचा असताना तो गावच्या धान्यकोठारावर लागला आणि तिथेच राहिला. ट्रक वजनकाट्यावर घेणे, धान्याचा नमुना काढणे, धान्य ओतायच्या खड्ड्याची झडप उघडणे, हे त्याचे आयुष्य. बोलण्याची गरज त्याला त्यात फारशी पडली नाही.

त्याची एकुलती मुलगी टेरिन तेव्हा अकरावीत होती आणि शाळेच्या व्हॉलीबॉल संघात सेटर होती. इतरांनी कसाबसा वर काढलेला चेंडू नीट उचलून स्मॅश मारणारीच्या हाताशी द्यायचा, हे सेटरचे काम. तिला महाविद्यालयाच्या संघात खेळायचे होते. लिपाच्या कोणत्याही मुलीने तोवर ते केले नव्हते. क्रीडाशिक्षकांनी तिला स्पष्टच सांगितले होते, “इतक्या आडगावी कोणताही प्रशिक्षक आपणहून यायचा नाही. ट्विटरवर खातं उघड, खेळाच्या चित्रफिती टाक, प्रशिक्षकांना थेट पाठव. हल्ली असंच होतं.”

चित्रफिती लिऑनकडे होत्या. त्याची बायको कॉनी शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीला असे. तिला मुलीचे सामने बघायला मिळत नसत, म्हणून लिऑन ते टिपून आणी आणि ती दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी बघे. घरात इंटरनेट धड नव्हते. त्यामुळे कापाकापी आणि पाठवापाठवी माझ्या ग्रंथालयात, सकाळी शाळा भरण्यापूर्वी होई.

पहिली अडचण खात्यावर लिहायच्या उंचीची आली.

“पाच फूट सात लिही,” मी सुचवले. “सगळे दोन इंच वाढवूनच लिहितात. प्रशिक्षक मनातल्या मनात वजा करतात.”

“म्हणजे आपण खरं लिहिलं तर तिची उंची आणखी कमी होणार?” टेरिन हसली.

लिऑनने विचार केला. “पाच फूट साडेपाच,” तो म्हणाला. “आणि पुढे लिही, मोजे घालून.”

मोजे टेरिनने गाळले. साडेपाच राहिले.

दुसरी अडचण मात्र आम्हा तिघांच्याही ध्यानात आली नाही, कारण आम्ही तिघेही लिपाचेच. टेरिन निवडून निवडून चित्रफिती टाकत होती आणि प्रत्येकीखाली लिहीत होती: ब्रुकचा काय सुंदर फटका! ब्रुक ही आमची उंचच उंच स्मॅश मारणारी मुलगी. तीन आठवड्यांनी एका महाविद्यालयाचा पहिला संदेश आला. विचारणा ब्रुकबद्दल होती. पंधरा दिवसांनी दुसरा आला. तोही ब्रुकबद्दलच. ब्रुकला बारावीनंतर केशभूषा शिकायची होती. तिने दोन्ही ठिकाणी आभार मानून नकार कळवला. धान्यकोठारावर ट्रकवाल्यांना आठवडाभर विषय मिळाला.

“काय लिऑन, यंदा कोणाकोणाच्या पोरी खपवतोयस?”

“माझी गाय पाठवू का? तिचाही फोटो टाक की!”

लिऑन नमुना काढून ओलावा सांगे आणि पुढच्या ट्रकला हात करी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिसरा संदेश आला आणि तो टेरिनसाठी होता. साउथ डकोटातल्या एका महाविद्यालयाच्या प्रशिक्षिका रेनी थॉर्सन यांनी लिहिले होते: तुझे हात मला आवडले. पण कॅमेरा चेंडूमागे जातो. चेंडू दिल्यावर तू काय करतेस ते कुठेच दिसत नाही. एक पूर्ण सामना पाठव, कापाकापी न केलेला. तुझ्या वर्षासाठी माझ्याकडे सेटरची एकच जागा आहे आणि सोमवारी मला दुसऱ्या एका मुलीला उत्तर द्यायचे आहे.

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी मी ग्रंथालय उघडले. कापणीचा हंगाम भरात होता, कोठाराबाहेर ट्रकांची रांग होती, तरी लिऑन दोन तासांची सुट्टी मागून आला. आम्ही एकामागून एक सामने लावले. प्रत्येकात कॅमेरा चेंडूचा हात धरून चालला होता. चेंडू टेरिनच्या बोटांवरून सुटला की टेरिन चौकटीबाहेर.

“कॉनीला चेंडू बघायचा असतो,” लिऑन अपराध्यासारखा म्हणाला. “गुण कोणाला मिळाला ते कळायला हवं ना तिला.”

“बाबा, एक आहे,” टेरिन म्हणाली. “हेबलरचा.”

हेबलरच्या शाळेविरुद्धचा सामना आम्ही तिन्ही डाव हरलो होतो. त्या दिवशी पॉपकॉर्नच्या खिडकीवर उभे राहण्याची पाळी लिऑनची होती. आमच्याकडे पालकांच्या पाळ्या लागतात आणि त्या कोणी चुकवत नाही. तो कॅमेरा तिपाईवर लावून गेला होता. कोणी हात न लावलेल्या त्या कॅमेऱ्यात मैदान या कडेपासून त्या कडेपर्यंत दिसत होते.

आणि ऐकूही येत होते. तिपाईशेजारी एमिल आणि व्हर्नन येऊन बसले होते. शेती मुलांकडे सोपवलेले हे दोघे म्हातारे एकही सामना सोडत नसत.

“लिऑन कुठे गेला?”

“पॉपकॉर्न विकतोय. त्या यंत्राला पाय लावू नकोस. मोडलंस तर कॉनी तुला वृद्धाश्रमात दाखल करून घेईल.”

आम्ही हसलो. पडद्यावर हेबलरची पोरगी सर्व्हिस करत होती. आमची नववीतली एक नवी मुलगी चेंडू घ्यायला गेली, चेंडू भिंतीवर गेला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. चौथ्यांदा चेंडू तिच्या मनगटावरून उडाला तेव्हा टेरिन तिच्याजवळ गेली आणि कानाशी काहीतरी बोलली. मुलगी खाली वाकली. टेरिन आपल्या जागी परतली, पण अर्धे पाऊल तिच्या बाजूला सरकून.

“बुटकी आहे रे,” एमिलचा आवाज आला.

“बुटकी आहे. पण बघ, चेंडू कुठेही जाऊ दे, ही आधीच तिथे.”

“बापावर गेलीय.”

“बापावर? लिऑनला धावताना मी जन्मात पाहिला नाही.”

“धावायचं नाही म्हणत मी. तू ट्रक घेऊन काट्यावर ये, तुझं इंजिन बंद व्हायच्या आत त्यानं झडप उघडलेली असते. तीस वर्षं बघतोय. बोलत नाही, पण असतो. तशीच आहे पोरगी. या गावात असं माणूस पुन्हा व्हायचं नाही.”

त्यानंतर बराच वेळ फक्त बुटांची किरकिर आणि शिट्टी ऐकू येत राहिली. मी लिऑनकडे पाहिले नाही. लिपामध्ये अशा वेळी पाहायचे नसते.

“हाच पाठव,” अखेर तो म्हणाला. “आवाज काढून टाकून.”

“बाबा! आवाजासकट पाठवू या ना. हे मी थोडंच बोलतेय? एमिलकाका बोलतायत.”

“आपण पाठवलं की ते आपलंच बोलणं झालं.”

“हरलेला सामना पाठवलेला चालतो?”

“हरलो ते खरं आहे.”

“मग ते बोलले तेही खरं आहे.”

लिऑनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. “असेल. पण आपल्याला ऐकू जावं म्हणून नव्हते बोलले ते.”

तिला ती जागा किती हवी होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. एमिलचे ते चार शब्द तिच्या उंचीची भरपाई करू शकले असते, असे मला तेव्हा मनापासून वाटत होते. तिने आवाज काढून टाकला. दीड तासाचा मुका सामना साउथ डकोटाला रवाना झाला.

सोमवार सरला, उत्तर आले नाही. मंगळवारीही नाही. टेरिनने खात्याकडे बघणे सोडले. बुधवारी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात तिचा फोन वाजला. पलीकडचा आवाज खणखणीत होता. परतीची पुस्तके लावत असलेल्या मलाही शब्द न् शब्द ऐकू आला.

“तुझ्या सामन्याला आवाज नाही, त्यामुळे मला एक गोष्ट कळली नाही आणि दोन दिवस तिनं माझा पिच्छा सोडला नाही. चौथ्या चुकीनंतर त्या लहान मुलीला तू काय सांगितलंस?”

टेरिन लाजली. “बुटाची नाडी सुटलीय म्हणून सांगितलं.”

“सुटली होती?”

“नाही. पण खाली वाकलं की श्वास परत येतो.”

पलीकडून हसू आले. “त्या दुसऱ्या मुलीला मी काल नाही म्हणून कळवलं. नोव्हेंबरमध्ये आईबाबांना घेऊन ये. मैदान बघून जा.”

सहा तासांचा तो रस्ता लिऑनने स्वतः गाडी चालवून पार केला. तिथे काय झाले असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “वाईट नाही.” जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र तो ग्रंथालयात आला होता. हेबलरच्या सामन्याची एक प्रत त्याला हवी होती.

“आवाज असलेली,” तो म्हणाला, आणि थोडे थांबून पुढे म्हणाला, “कॉनीला हवीय.”

मी प्रत करून दिली. पाकिटावर काय लिहू, असे विचारले. काही लिहू नकोस, म्हणाला.

टेरिन तिथे चार वर्षे खेळली. लिऑन कुचेरा ३१ मार्च २०२१ रोजी धान्यकोठारातून निवृत्त झाला, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून लिपाच्या शाळेचे सामने तोच टिपतो. कॅमेरा तिपाईवर असतो.