शिंग कुणाकडे राहणार

विल्फ्रेड डॉकरेला कमी ऐकू येतं, हे आख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. तसं काही नाही असं दाखवण्याचा खटाटोप तेवढा तो इमानेइतबारे करायचा. बावीस वर्षं कुत्र्यांना हाकारायचं शिंग गळ्यात अडकवून तो कोल्ह्याच्या शिकारीत आमच्या कुत्र्यांमागे पायी डोंगर तुडवत होता; आमच्या कड्यांवर घोड्याचं काम नाही. उन्हाळ्यात शिकार नसे, कुत्री शेतकऱ्यांच्या घरोघरी राहायला जात, तेव्हा लेकी सासरी धाडल्यासारखा हा दारोदार चौकशी करत हिंडे.

पण धुक्यात कुत्री दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. जानेवारीत कुत्री एका खोऱ्यात आणि विल्फ दुसऱ्याच, असा प्रकार झाला. मग शिकारीच्या कमिटीनं शिंग तरुण लान्स टायसनकडे द्यायचं ठरवत आणलं. मी सेक्रेटरी, मीही मान डोलावली होती. शनिवारी शाळेत मूकपट होता, तो संपला की मतासाठी हात वर करायचे.

मूकपट पलीकडच्या खोऱ्यातल्या कुत्र्यांच्या टोळीनं केलेल्या शिकारीचा होता. आम्ही अर्थातच नावं ठेवायला गेलो होतो. पडद्यावर कुत्री दगडगोट्यांच्या उतारावर पांगली आणि कोल्हा गायब झाला. भुंकणं ऐकू येईना, त्यामुळे कुणाला काही कळेना. अध्यक्ष रिगसाहेब म्हणाले, कोल्हा वर गेला. मी म्हणालो, खाली.

विल्फ पुढच्या बाकावरून म्हणाला, "ती पांढरी कुत्री थापा मारतेय. तिची शेपटी बघा, ढिली आहे. खरं बोलतोय तो कानतुटका. कोल्हा भिंतीपलीकडे आहे."

क्षणभरात सगळी टोळी भिंतीवरून पलीकडे झेपावली. असं तीनदा झालं. ती कुत्री विल्फनं जन्मात पाहिली नव्हती. त्या खोलीत आम्ही साठ माणसं ठार बहिरी बसलो होतो, आणि ऐकू येत होतं ते एकट्या विल्फला. मला माझीच लाज वाटली.

दिवे लागले. हात कुणीच वर केला नाही. रिगसाहेब विल्फच्या समोर जाऊन ओरडले, "शिंग तुझ्याकडेच राहील. धुकं असलं की लान्स सोबत येईल, तुझे कान म्हणून."

"ओरडू नका, साहेब," विल्फ हसत म्हणाला. "महिनाभर तुम्ही सगळे माझ्याशी तोंड फिरवून बोलत होतात, म्हणून ऐकू येत नव्हतं. आज समोर बघून बोललात."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मीही तोंड फिरवलं नाही.